आईची केमो आणि आत्याची चाळीस दिवसांची प्रार्थना

सलाम.

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. तुम्ही कोल्हापूरच्याच. आई 54 वर्षांच्या. डाव्या स्तनात गाठ लागली, सुईनं तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात आधी केमो, गाठ लहान झाली की ऑपरेशन, आणि दोन आठवड्यांच्या आत सुरू करू. इकडे आत्याच्या घरसभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि "गाठ विरघळली आहे, आता दवाखान्यात जाणं म्हणजे मिळालेली चंगाई (प्रार्थनेनं बरं होणं) नाकारणं" असं सांगितलं. आत्या म्हणतात चाळीस दिवस उपास-प्रार्थना करू, मग बघू. वडील गप्प आहेत. आई "बघू" म्हणतात. तुम्ही विचारता: उपचार सुरू केले तर तो अविश्वास होईल का? आणि आईला काही झालं तर माझाच विश्वास कमी पडला असं होईल का?

तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या असाल, पण ओळख नाही म्हणून अहोजाहोच करते. मी 31 वर्षं नर्सिंग केलं, बराचसा काळ मिशन हॉस्पिटलात, शेवटची वर्षं कोल्हापुरात. निवृत्त झाल्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडिलांपैकी (जबाबदार ज्येष्ठांपैकी) एक म्हणून आजाऱ्यांच्या भेटी घेते. म्हणजे सलाइनची बाटली लावणारी बाजू मी पाहिली आणि उशाशी बसून स्तोत्र वाचणारीही. मी डॉक्टर नाही. आईंचा कॅन्सर कुठल्या टप्प्यावर आहे, रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या प्रकार ठरवणाऱ्या तपासण्यांपुढे काय लिहिलंय, काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय का, हे मला दिसत नाही आणि पुष्कळसं त्यावरच ठरतं. म्हणून वैद्यकीय बाजूचं जे लिहीन ते वॉर्डात पाहिलेल्यावरून. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत, पण ते वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर मला सरळ दिसतं. दुसरा जड आहे, आणि माझ्या अनुभवात घराघरांत माणसं पोखरून काढणारा तोच असतो. म्हणून पहिल्यावर थोडं लिहून दुसऱ्याकडे जाते.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, म्हणत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवानं त्याची प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं, आणि त्याच प्रसंगात यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांची पोटीस करून गळवावर बांधा. वचन मिळालेलं होतं, तरी पोटीस बांधली. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. "अधिक विश्वास ठेव" असं तिथं लिहीत नाही. त्याच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. शोमरोन्याच्या दृष्टान्तात प्रभू येशू स्वतः जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्टी बांधणाऱ्या माणसाचं उदाहरण देतात. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईनं वैद्यांच्या हातून फार हाल सोसले आणि सगळा पैसा खर्च केला, असं मार्क लिहितो. घरसभांत हे वचन डॉक्टरांविरुद्ध वापरलेलं मी ऐकलं आहे. पण ती वैद्यांकडे गेली म्हणून प्रभूंनी तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. "मुली" म्हणाले.

आणि आपण कोल्हापूर-मिरजेकडची माणसं हे कसं विसरतो? इथं मिशनचं काम 1852 मध्ये वायल्डर साहेबांनी सुरू केलं. पुढं 1889 मध्ये डॉ. वॉन्लेस आले आणि 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्या आजी-पणज्यांनी ख्रिस्ताची दया पहिल्यांदा पाहिली ती पुष्कळदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनात, बाळंतपणाच्या खोलीत, क्षयाच्या वॉर्डात. मी ज्या थिएटरात काम केलं तिथं चाकू हातात घेण्याआधी सर्जन मान खाली घालून दोन वाक्यांची प्रार्थना करत. पेशंट मुसलमान असो, लिंगायत असो, मराठा असो, विचारून करत, आणि बहुतेक जण हात जोडत. प्रार्थना करणारा आणि कापणारा तिथं एकच माणूस असे. त्या खोलीत मी शिकले, म्हणून "दवाखाना की देव" हा प्रश्न कोणी विचारला की मला आतून दुखतं.

आता आत्यांची बाजू. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. मी पाहिलंय. एका बाईला मेंदूज्वर झाला होता. तीन दिवस शुद्ध नव्हती. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन तयारीत राहायला सांगितलं होतं. तिच्या सासूनं रात्रभर पलंगाचा लोखंडी दांडा धरून प्रार्थना केली. पहाटे बाईनं पाणी मागितलं. औषधं चालूच होती, त्यामुळं कुणी म्हणेल औषधानं काम केलं. मी वाद घालणार नाही. पण त्या पहाटे मी तिथं होते आणि मी देवाचे आभार मानले, आजही मानते. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून लाखो आजारी गेले. तिथं कुणी बरं झाल्याचं सांगितलं की डॉक्टर जुने-नवे कागद तपासतात, वर्षानुवर्षं तपासतात, आणि कॅथलिक चर्चनं आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरीच्या आसपासच आहेत. चमत्कारावर विश्वास असणाऱ्या चर्चनं इतकं हात राखून बोलावं, याचा मला आदर वाटतो.

याच ठिकाणी त्या प्रचारकांच्या बोलण्यावर माझा स्पष्ट आक्षेप आहे. "गाठ विरघळली" हे प्रार्थनेचं वाक्य नाही, ते तपासणीचा निष्कर्ष आहे. आणि तपासणी त्यांनी केलेली नाही. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवा. प्रभूंनी त्यांना काय सांगितलं? "जाऊन स्वतःला याजकांना दाखवा." लेवीयच्या नियमाप्रमाणे कुष्ठ गेलं की नाही हे पाहण्याचं काम याजकाचं होतं. तो अंग पाही, लागलं तर सात दिवस थांबून पुन्हा पाही. म्हणजे बरं करणाऱ्यानं स्वतःच माणसाला तपासणाऱ्याकडे पाठवलं. आज स्तनातली गाठ पाहणारा डॉक्टर आहे, सोनोग्राफी आहे, मॅमोग्राफी आहे. गाठ खरंच गेली असेल तर सोनोग्राफीत दिसणार नाही आणि डॉक्टर स्वतःच पुढच्या उपचारांचा फेरविचार करतील. दाखवायला बंदी करणारी चंगाई मला शास्त्रात कुठं सापडत नाही.

हे एवढं ताणून सांगते कारण मी एक माणूस गमावलेला पाहिला आहे. पंचगंगेच्या काठच्या एका गावातला, पस्तिशीचा, फुप्फुसाचा क्षय. साध्या क्षयाचं औषध सहा महिन्यांचं असतं, पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन चढतं. तो उभा राहून साक्ष द्यायला लागला, "प्रभूनं मला बरं केलं." त्यात खोटं काही नव्हतं, त्याला खरंच बरं वाटत होतं. कुणीतरी म्हणालं, मग गोळ्या कशाला? त्यानं सोडल्या. आठ महिन्यांनी परत आला तेव्हा नेहमीच्या औषधांना जंतू दाद देईनात. गोळ्या सोडायला सांगणाऱ्यांपैकी कुणी वॉर्डात आलेलं मला आठवत नाही. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि विचारायची, "सिस्टर, साक्ष दिली ती चूक झाली का?" मी म्हणाले, साक्ष चूक नव्हती, गोळ्या सोडल्या ते चुकलं.

तुमच्या घरी हाच प्रसंग वेगळ्या रूपात येऊ शकतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. ऑपरेशनच्या आधी केमो दिली की पुष्कळ जणींची गाठ दोन-तीन डोसांत लहान होते. काहींची तर हाताला लागेनाशी होते. तो आनंदाचा दिवस असेल, देवाचे आभार जरूर माना. पण त्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, "बघा, गेली की! आता ऑपरेशन कशाला?" हाताला न लागणारी गाठ म्हणजे संपलेला कॅन्सर, असं नसतं. उरलेले डोस, ऑपरेशन आणि डॉक्टर सांगतील ते रेडिएशन किंवा गोळ्या पुऱ्या कराव्याच लागतात. हे वाक्य आई, बाबा आणि आत्या तिघांनाही आत्ताच, केमो सुरू व्हायच्या आधी, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

चाळीस दिवसांबद्दल. तास-दोन तासांची घाई या रोगात नसते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, स्कॅन करायला चार-सहा दिवस गेले तर बहुतेक वेळा बिघडत नाही. पण आठवड्यांचे महिने झाले की बिघडतं, आणि काही प्रकार फार वेगानं वाढतात. तुमच्या आईंचा कुठला, हे डॉक्टरांना थेट विचारा: "आम्ही चाळीस दिवस थांबलो तर काय होईल?" उत्तर आत्यांच्या समोर घ्या. चाळीस दिवसांची प्रार्थना तर केमोच्या पहिल्या दिवसापासूनही सुरू करता येते. मला विचाराल तर तेव्हाच तिची खरी गरज असते.

आता तो जड प्रश्न. माणूस बरं झालं नाही तर कुणाचा विश्वास कमी पडला?

ज्यांचं म्हणणं वेगळं आहे त्यांच्याशी मी प्रामाणिक राहायला हवं. शास्त्रात विश्वास आणि बरं होणं यांचा संबंध आहे. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे प्रभूंचेच शब्द. नासरेथमध्ये लोकांच्या अविश्वासामुळं त्यांना फारसं काही करता आलं नाही, असं मार्क लिहितो. "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले" हे यशयाचं वचन पेत्र पापापासूनच्या सुटकेला लावतो, आणि त्याच्या लगेच आधीचं वचन मत्तय शरीराच्या रोगांना. यावरून मंडळ्यांमध्ये दोन मतं आहेत. पेंटेकॉस्टल भावंडं म्हणतात, वधस्तंभावर शरीराचं आरोग्यही विकत घेतलं गेलं, मागा आणि घ्या. आम्ही जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले बहुतेक जण म्हणतो, घेतलं गेलं खरं, पण शरीराची पूर्ण सुटका अजून यायची आहे. रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात तेच आहे, सगळी सृष्टी कण्हत वाट पाहते आहे. कॅथलिक मंडळी आजाऱ्याला तेलाचा अभिषेक करतात. पूर्वी तो मरणाच्या दारात करत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर गंभीर आजारातच, बरं होण्याची आशा असतानाच करतात. हा वाद या उत्तरात मिटणार नाही. आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांतही डॉक्टर, नर्सा भरपूर आहेत. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून रात्रपाळ्या केल्या आहेत, तेव्हा सगळ्यांना एका पिशवीत घालू नका.

पण "बरं झालं नाही म्हणजे विश्वास नव्हता" हा उलटा हिशेब शास्त्रात बसत नाही. लुळ्या माणसाला चौघांनी छत उकलून खाली सोडलं तेव्हा प्रभूंनी "त्यांचा" विश्वास पाहिला, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं पडलेल्या माणसाला आपल्याला कुणी बरं केलं हेही माहीत नव्हतं. ज्या बापाचा मुलगा बरा झाला तो म्हणत होता, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर काम झालं. आणि पौल? त्यानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून आला. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाले, दोघांचंही नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात 1905 मध्ये केडगावला जी आत्मिक जागृती झाली तिचं नाव चंगाई सभांत आजही घेतात. त्याच रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं म्हणून, आणि कान साथ देईनात म्हणून ते शिक्षण राहिलं. त्यांचा बहिरेपणा गेला नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये, आईच्या हयातीतच गेली, आणि 1922 मध्ये रमाबाई गेल्या. ज्या बाईनं दुष्काळातून शेकडो मुली उचलून आणल्या आणि अख्खं शास्त्र एकटीनं मराठीत उतरवलं, तिचा विश्वास कमी पडला असं म्हणायची आपली कुणाची छाती आहे का?

या बाबतीत मी इतकी ठाम का, ते सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी वॉर्डात एक बाई होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, फार पसरलेला. वय 41, दोन शाळकरी मुलगे. त्यांच्या घरसभेनं सांगितलं होतं, पूर्ण विश्वास ठेव, शंका आणू नको, मरणाचा शब्द तोंडातून काढू नको. त्या बाईंनी खरंच काढला नाही. मुलगे भेटायला यायचे तेव्हा "मी पुढच्या महिन्यात घरी येते" म्हणायच्या. एका रात्री दोनच्या सुमारास मी मॉर्फीनचा डोस द्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "सिस्टर, खरं सांगा, माझा विश्वास कुठं कमी पडला?" पोरांना काय सांगायचं, धाकट्याला कोण सांभाळेल, नवऱ्याशी काय बोलायचं राहिलंय, यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. शेवटचे तीन आठवडे त्या बाई आपल्या विश्वासाची झडती घेत होत्या. मी त्यांना पौलाचा काटा वाचून दाखवला आणि म्हणाले, बाई, तुम्ही नापास झालेल्या नाही. त्या रडल्या आणि मग झोपल्या. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी प्रभुभोजन दिलं, कपाळाला तेल लावलं, आणि नंतर मुलांना आत पाठवून दार लोटलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दीड तास दार उघडलं नाही. त्या रविवारी त्या गेल्या.

तेव्हापासून चंगाईची कुठलीही शिकवण ऐकली की मी एवढंच विचारते: जो बरा होत नाही त्याच्या पलंगापाशी ही शिकवण काय करते? त्याच्या जवळ बसते की त्याच्याकडे बोट दाखवते?

माझ्या घरीही हे झालंय. नवरा चार वर्षं डायलिसिसवर होता. आम्ही प्रार्थना केल्या, तेल लावलं, उपास केले. तो बरा झाला नाही. एका भेटीला आलेल्या माणसानं "घरात काही लपलेलं पाप आहे का बघा" असं सांगितलं. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला आणि काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बोलायला हवं होतं, माझ्यासाठी नाही तर आत झोपलेल्या त्याच्यासाठी, कारण त्यानं ते ऐकलं होतं. म्हणून तुम्हाला सांगते, आईंच्या खोलीत असं वाक्य आलं तर तुम्ही गप्प बसू नका. नम्रपणे सांगा, पण तिथंच, आईंना ऐकू जाईल असं सांगा.

आणखी एक, जे मी आपल्या लोकांत पुष्कळ पाहते. आपण वाढलो ते नवसाच्या मुलखात. शेजारीपाजारी, नातेवाईक, कुणी जोतिबाला बोलतं, कुणी वाडीला जातं, कुणी मिरजेच्या दर्ग्याला. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नवसाची रीत नकळत आपल्या प्रार्थनेत शिरते: मी इतके दिवस इतकं करीन, तू एवढं दे. मग चाळीस दिवस मोजले जातात, एखादा उपास मोडला तर धस्स होतं, आणि काम झालं नाही की कुणाच्या हातून काय मोडलं याचा शोध सुरू होतो. प्रभूंनी वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथसेमाने बागेत मागितलं ते असं नव्हतं. प्याला दूर कर असं त्यांनी उघड मागितलं, अगदी घाम गळेपर्यंत मागितलं, आणि "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हणाले. तुम्ही तसं मागा. बरं कर, पूर्ण बरं कर, असंच मागा, आवाज कमी करू नका. पण उत्तराचा जामीन कुणी माणूस राहू शकत नाही, त्या प्रचारकांनी राहू नये आणि तुम्हीही राहू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: केमो सुरू करणं अविश्वास नाही, प्रार्थना थांबवायची नाही, "बरं झालं" हे तपासून मगच म्हणायचं, आणि बरं न झाल्याचा दोष आईंवर किंवा तुमच्यावर कुणी टाकला तर तो घ्यायचा नाही.

पण तुमच्या लिहिण्यात एक जागा मोकळी आहे. आत्या काय म्हणतात ते कळलं, डॉक्टर, प्रचारक, तुम्ही, सगळ्यांचं कळलं. आईंना काय हवंय? त्या "बघू" म्हणतात. बायकांचं "बघू" मी 31 वर्षं ऐकलंय, आणि त्याच्या खाली बहुतेक वेळा काहीतरी दडलेलं असतं. एका बाईंनी महिनाभर "देव बघेल" म्हणून ऑपरेशन टाळलं. खोदून विचारल्यावर कळलं, मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तोवर केस जाऊ नयेत असं वाटत होतं. दुसरीला स्तन काढल्यावर नवरा काय म्हणेल ही भीती होती, आणि तिच्या बाबतीत स्तन राखून ऑपरेशन होणार होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुष्कळ जणींना पैशाची भीती असते: घर गहाण पडेल, पोराचं शिक्षण थांबेल. ती बोलायची लाज वाटते आणि "विश्वास" हा शब्द बोलायला सोपा असतो. म्हणून आईंना एकटीला गाठा, रंकाळ्यावर फिरायला न्या हवं तर, आणि विचारा, "आई, तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" मग गप्प बसा. लगेच वचन सांगू नका, लगेच धीरही देऊ नका.

पैसा हे कारण निघालं तर त्याला उपाय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतात. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा, काय बसतं काय नाही ते तो सांगेल.

आणि सगळं समजून घेऊन, भीती बोलून दाखवून, आई "मला उपचार नकोत" म्हणाल्या तर? तो त्यांचा अधिकार आहे. शुद्धीतल्या, समजत्या माणसावर मुलीला जबरदस्ती करता येत नाही. पण तो निर्णय त्यांचा असावा, आत्यांचा किंवा प्रचारकांचा नको. आणि केमो नको म्हटलं तरी डॉक्टरांचं दार बंद होत नाही, हेही त्यांना माहीत असू दे.

केमो सुरू झाली तर घरातल्या प्रार्थनेची घडी थोडी बदलावी लागेल. आईंना उपास करू देऊ नका. त्या काळात शरीराला अन्न, पाणी, प्रथिनं लागतात. उपास इतरांनी करावा, त्यांच्यासाठी. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा खोलीत तीस-चाळीस माणसं जमवून गाणी-प्रार्थना नकोत. सर्दी-खोकला असलेल्यानं, मग तो पाळक असला तरी, फोनवर प्रार्थना करावी. ताप 100.4 च्या वर गेला तर "प्रार्थना करून बघू, सकाळी जाऊ" असं अजिबात करू नका, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा, कारण पेशी कमी असताना संसर्ग तासातासाला चढतो. तेल लावायचं तर जरूर लावा. याकोबाच्या पत्रात म्हटलंय तसं मंडळीच्या वडिलांना बोलवा. ते तेल औषध होतं की खूण, यावर जाणकारांत दोन मतं आहेत, आणि कपाळावर बोटभर लावल्यानं केमोला काही होत नाही. फक्त सुई लावलेल्या जागेवर नको. प्रचारकांनी कुठला काढा, पाणी किंवा पावडर पोटात घ्यायला दिली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

राहिल्या आत्या. तुम्ही लिहिलंय की त्यांना या सगळ्यातून बाजूला कसं ठेवू. ठेवू नका. भावजयीसाठी चाळीस दिवस उपाशी राहायला तयार असणारी बाई किती घरांत असते? त्यांना काम द्या. पहिल्या डोसाच्या दिवशी सोबत घेऊन जा. केमो चढायला काही तास लागतात, आई कंटाळतील, मळमळेल, घाबरतील. आत्यांना त्यांच्या शेजारची खुर्ची द्या, हातात आईंचं आवडतं गीत द्या, हळू आवाजात म्हणायला सांगा. ऑपरेशनच्या दिवशी नातेवाइकांना थिएटरच्या दारापर्यंतच येऊ देतात. स्ट्रेचर तिथं मिनिटभर थांबतं, सिस्टरला आधी सांगून ठेवलंत तर दोन मिनिटं थांबवेल. तेव्हा तुम्ही मागं राहा आणि आत्यांना पुढं करा. त्यांना आईंच्या डोक्यावर हात ठेवू दे.